पट्टीवाल्या सिस्टर आणि मास्तरांचा डावा पाय

दवाखान्याच्या रजिस्टरात सिस्टरांचं पद ‘गृहभेट परिचारिका’ असं लिहिलेलं होतं. त्या नावानं कुणी हाक मारली असती तर सिस्टरांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. लोकांच्या तोंडी त्या पट्टीवाल्या सिस्टर. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाता येत नाही त्यांच्या घरी जाऊन जखम धुवायची, पट्टी बांधायची, सुई टोचायची, नळी बदलायची, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं त्या ते करत होत्या. शिवाय रजिस्टरात ज्यांना रकानाच नाही अशी कामं होतीच. पेशंटच्या टीव्हीचा रिमोट शोधायचा, विजेच्या ऑफिसातून आलेलं पत्र वाचून दाखवायचं, सासूचं ब्लडप्रेशर बघता बघता सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचं, मग सुनेचं ब्लडप्रेशर बघायचं आणि सासूचं गाऱ्हाणं ऐकायचं. दोघींचे आकडे साधारण सारखेच यायचे.

सकाळचं पहिलं घर रिटायर झालेल्या बस ड्रायव्हरांचं. त्यांना रोज इन्सुलिन लागे, आणि त्याआधी सिस्टर कोणत्या रस्त्यानं आल्या हे त्यांना कळावं लागे.

“पुलावरून आलात?”

“पुलावरून.”

“चूक केलीत. पुलाखालून यायचं, पेट्रोल पंपापाशी डावीकडे वळायचं. चार मिनिटं वाचतात.”

“बरं. दंड सैल सोडा.”

“चार मिनिटं म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. वर्षाचा हिशेब मी करत नाही, तुम्हालाच वाईट वाटेल.”

“झालं टोचून, काका.”

“झालं? बरं. उद्या तरी पुलाखालून या.”

सिस्टर सात वर्षं पुलाखालूनच येत होत्या. पण ‘पुलावरून’ म्हटलं की काका बोलायला लागत, आणि बोलायला लागले की सुईकडे त्यांचं लक्ष नसे. घराघराची अशी वेगळी युक्ती सिस्टरांनी बसवून ठेवली होती. फक्त मास्तरांच्या घरी एकही चालेना.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. कुणी शाळेतले समजलं तर ते म्हणत, “शाळेतल्या मास्तरांच्या पँटी मी शिवल्या आहेत. एकाही मास्तराच्या पँटीला दुसऱ्यांदा टाका घालावा लागला नाही. मुलांचं काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत.” वय शहात्तर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी उंच इस्त्रीचं टेबल, आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा, ज्याच्या अंगात मास्तरांचा स्वतःचा कोट असे. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली होती, पण मास्तर रोज सकाळी मशीनला तेल घालत.

पन्नास वर्षं उभं राहून कापल्यामुळे पायाच्या शिरा दमल्या होत्या. खाली उतरलेलं रक्त वर चढायला तयार नव्हतं. पाय सुजे, आणि डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला एक जखम होऊन बसली होती, जी भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी यंत्र लावून पायाच्या धमन्या तपासल्या, घट्ट पट्टी चालेल असं लिहून दिलं, आणि पाय सिस्टरांच्या स्वाधीन केला.

या दुखण्यावर औषधापेक्षा पट्टी मोठी. जखमेवर औषधाची जाळी, मग कापसाचा थर, त्यावर ताणाची पट्टी आणि सगळ्यात वर मोजा. खरं काम ताणाच्या पट्टीचं. ती सगळीकडे सारखीच ओढली की बारीक घोट्याशी दाब जास्त आणि जाड पोटरीशी कमी पडतो, आणि तेव्हाच रक्त वर ढकललं जातं. किती ओढायची हे हाताला कळावं म्हणून तिच्यावर कारखान्यातूनच लहान लहान उभट खण छापलेले असतात. पट्टी बरोबर ओढली की उभट खणाचा चौकोन होतो. चौकोन दिसला की थांबायचं आणि पुढचा वेढा घ्यायचा.

सिस्टर दर सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. खालच्या कोपऱ्यावर त्यांची स्कूटर आधी खोकायची आणि मग उचकी द्यायची. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तेवढं पुरे होई. काकूंना आता उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नव्हतं, पण कानांनी त्या तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या रस्त्यावर नजर ठेवून असायच्या.

“आल्या,” उपचाराच्या नवव्या आठवड्यातल्या सोमवारी काकू म्हणाल्या. “उजवा गुडघा दुखतोय त्यांचा. डाव्यावर जोर देऊन चढतायत.”

सिस्टर दारात आल्या. “गुडघा दुखतोय खरा.”

“मग पट्टी बांधा की.”

“माझ्या पट्टीनं कुणाचं काय बरं होतंय, काकू,” सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली.

मोजा काढला. आत पट्टी नेहमीसारखी ढिली पडलेली. दोन बोटं सहज आत गेली. जखमेवर त्यांनी पारदर्शक कागद धरला, पेनानं कडा गिरवली, मग तो कागद आखीव तक्त्यावर ठेवून मोजलं. पहिल्या दिवशी चोवीस घरं भरली होती. मध्ये एकदा तेवीस भरली होती, आणि त्या दिवशी सिस्टरांनी घरी जाऊन गोड केलं होतं. आज पुन्हा चोवीस.

“किती?” मास्तरांनी विचारलं.

“चोवीस.”

“माप पक्कं आहे म्हणायचं,” मास्तर म्हणाले. “माझं गिऱ्हाईक असतं तर मला आवडलं असतं.”

ऑफिसातल्या मॅडमना मात्र आवडलं नव्हतं. मॅडम नव्या होत्या आणि सिस्टरांच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या सगळ्यांना ‘आपण’ म्हणत आणि प्रत्येक वाक्याला शेवटी एक खुंटी ठोकत.

“सिस्टर, आपला हा पेशंट. चोवीस, तेवीस, चोवीस. ही जखम आपल्याला काहीतरी सांगतेय. बरोबर?”

“मला काही बोलली नाही, मॅडम.”

“नियम काय आहे? बारा आठवड्यांत एक तृतीयांश कमी. चोवीसची सोळा. नाही झाली तर भरती, आणि मांडीची कातडी काढून घोट्याला लावायची. बरोबर?”

“बरोबर.”

“बाराव्या आठवड्याला मी स्वतः येऊन मोजेन. बरोबर?”

“तीन जिने आहेत.”

“लिफ्ट?”

“नाही.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

भरती म्हणजे निदान महिनाभर. तेवढ्या दिवसांत काकूंनी एकटीनं गॅस पेटवायचा, गोळ्या ओळखायच्या, हे होण्यासारखं नव्हतं. मुलगी दुसऱ्या गावी होती, ती न्यायला तयार होती, आणि एकदा नेलं की दोघांनाही परत पाठवणार नव्हती. या दोन खोल्यांची किल्ली ती घरमालकाला देऊन टाकणार होती. मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती रोज संध्याकाळी फोन करायची, आणि फोन मोठ्या आवाजात असल्यामुळे खालच्या मजल्यालाही तिची खुशाली कळायची.

“आई, तुमच्या खोलीला नवे पडदे लावलेत.”

“माझ्यासाठी?”

“मग कुणासाठी?”

“कसे दिसतात?”

“इतके छान दिसतात ना—” आणि मुलगी गप्प होई.

“बरं झालं सांगितलंस,” काकू म्हणत. “नाहीतर मला कळलं नसतं.”

फोन ठेवल्यावर काकू भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात जायच्या. मशीनपासून दारापर्यंत सात पावलं, दारातून ओट्यापर्यंत चार. हे घर त्यांना पाठ होतं. मुलीच्या घराची पावलं या वयात कोण पाठ करणार, असं त्या एकदाच सिस्टरांना म्हणाल्या होत्या. तेही माठातलं पाणी देता देता, जसं काही कुणा तिसरीबद्दल बोलतायत.

सिस्टरांनी तर दोन-तीन आठवड्यांपासूनच एक वेगळीच भीती घेतली होती. पट्टी तीच, जखम तीच, पाय तोच, मग ढिलाई कुठून येते? येणार तर आपल्या हातातून. वय पंचावन्न, मनगट थंडीत धरतं, बरणीचं झाकण हल्ली नवऱ्याकडे द्यावं लागतं. हात गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि कुणाला न सांगता घरी सराव सुरू केला. आधी टेबलाच्या पायाला पट्टी बांधली. टेबल सुजत नाही म्हणून मग नवऱ्याला बसवलं.

नवरा रजिस्ट्रेशन ऑफिसात कारकून होता आणि स्वभावानं सहनशील होता. तो दोन्ही पायांना पट्ट्या बांधून घेऊन बातम्या बघत बसे.

“दार वाजलं तर?” त्यानं विचारलं.

“उठा आणि उघडा. पाय मोडलेत का तुमचे?”

“तसंच दिसतंय ना पण.”

दोन तासांनी सिस्टर बोटं घालून बघत. नवऱ्याची पट्टी तसूभरही हललेली नसे.

“अहो, तुमची कशी घट्ट राहते?”

“तू बांधलीस म्हणून.”

“मग मास्तरांची का राहत नाही?”

“त्यांची कोण बांधतं?” नवऱ्यानं विचारलं. बातम्यांत पुराचं दाखवत होते म्हणून तो प्रश्न तिथंच राहिला.

मग त्याच नवव्या आठवड्यातला बुधवार आला. बुधवारी सिस्टर मास्तरांकडे जात नसत. पण त्या दिवशी शेजारच्या गल्लीतले एक आजोबा मुलाकडे निघून गेले होते, म्हणून अर्धा तास मोकळा मिळाला. पिशवीत मास्तरांसाठी आलेली नव्या पट्ट्यांची खोकी होती. वर नेऊन देऊ, गुरुवारचं ओझं कमी होईल, असा विचार करून त्या निघाल्या. स्कूटर सकाळीच गॅरेजमध्ये गेली होती. त्या चालत आल्या, आणि गुडघा दुखत होता म्हणून चपला हातात घेऊन सावकाश चढल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं.

मास्तर इस्त्रीच्या टेबलाशी उंच स्टुलावर बसले होते. डावा पाय समोरच्या खुर्चीवर, गुडघ्यापर्यंत उघडा, जखमेवर फक्त जाळी आणि कापूस. टेबलावर ताणाची पट्टी लांबलचक पसरलेली. मास्तरांनी तिच्यावर ओलं फडकं अंथरलं, इस्त्री उचलली, थुंकी लावून चटका बघितला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच संथ गतीनं फिरवली. वाफ आली. खिडकीशी बसलेल्या काकू रस्त्याकडे कान लावून होत्या.

सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली.

“कोण?” काकू म्हणाल्या.

“मी.”

“स्कूटर नाही वाजली.”

“गॅरेजमध्ये आहे.”

“मग हे बरोबर नाही,” काकू म्हणाल्या. “अहो, बंद करा ते. सिस्टर आल्यात.”

“बघितलं त्यांनी,” मास्तर म्हणाले आणि इस्त्री उभी केली.

फडक्यातून अजून वाफ येत होती.

“मास्तर, हे काय चाललंय?”

“इस्त्री.”

“ते दिसतंय. कशाला?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे बघा सिस्टर. मी तुमच्या कामात कधी तोंड घातलं नाही.”

“आज घाला.”

“राग येईल.”

“तो आलेलाच आहे. बोला तुम्ही.”

“तुमचा हात चांगला आहे,” मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायच्या आधी ते बहुधा असंच सुरू करत असावेत. “सफाई आहे, वेढे सारखे पडतात. पण कापड तुम्हाला कळत नाही. याच्यावरचा छापा बघा. उभट आहे ना? तुम्ही इतकी ओढता, इतकी ओढता, की त्याचा पार चौकोन होतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नुसते चौकोन. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगावर छापा असा फाकला असता, तर मी तो सदरा अंगावरून उतरवून घेतला असता.”

“म्हणून तुम्ही सोडता.”

“सोडतो, इस्त्री करून ताण काढतो, आणि परत बांधतो. छापा जसा छापलाय तसा बसला पाहिजे. वर मोजा चढवला की तुम्हाला काही कळत नाही. बोलायला नको म्हटलं. बाई तीन जिने चढून येते, मनापासून बांधते, तिला तोंडावर कसं सांगायचं की फिटिंग चुकलंय?”

“किती दिवस?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“रोज?”

“रविवारी नाही,” काकू मध्येच म्हणाल्या. “रविवारी दुकान बंद.”

“आणि काकू, तुम्ही?”

“मी राखणीला. स्कूटर खोकली की सांगायचं. उचकी येईपर्यंत इस्त्री आत जाते.”

सिस्टर पुतळ्याशेजारच्या मोडक्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आधी एक बाजू, मग दुसरी. हात होते तसेच होते. एवढ्यासाठी त्यांनी नवऱ्याला पंधरा संध्याकाळी बांधून घातलं होतं.

“मास्तर, ती नक्षी नाही.”

“मग काय आहे?”

“पट्टी किती ओढायची ते कळायला छापलेलं असतं. चौकोन झाला की ताण बरोबर. उभट राहिला की पट्टी नुसती गुंडाळलेली, रक्त वर चढत नाही. ती माझी टेप आहे.”

मास्तर पट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या गळ्यात त्यांची स्वतःची टेप होती, नऊ वर्षं काही मोजायचं नसताना रोज सकाळी घातलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

“तुमची टेप,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मी तिच्यावर इस्त्री फिरवली.”

“आठ आठवडे आणि वर.”

“ओलं फडकं ठेवून,” मास्तर स्वतःशीच म्हणाले. “पन्नास वर्षांत मी कारागिराला माझ्या टेपेला बोट लावू दिलं नाही. एकानं तिच्यानं खिडकी बांधली होती, त्याला मी काढून टाकला.” मग जरा वेळानं, मुळीच न चिडता, त्यांनी विचारलं, “मला सांगितलं का नाहीत, सिस्टर?”

सिस्टरांनी आठवून बघितलं. पाय उंच ठेवा हे सांगितलं होतं. चाला, खाजवू नका, मीठ बेतानं खा, साबण कोणता वापरा, हे सांगितलं होतं. काकूंच्या डोळ्यांत कोणतं औषध किती वाजता, घरमालकाच्या भावाला मूळव्याधीला काय, हेही सांगितलं होतं. चौकोनांचं शिकाऊ मुलींना त्या दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत. या खोलीत एकदाही बोलल्या नव्हत्या.

“तुम्ही विचारलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“गिऱ्हाईक विचारत नसतं, सिस्टर. गिऱ्हाइकाला आपण सांगायचं असतं.”

“अहो, पुरे,” काकू म्हणाल्या. “पाय उघडा आहे. आधी बांधून घ्या, मग भांडा.”

सिस्टरांनी नवं खोकं फोडलं. बांधताना प्रत्येक वेढ्याला थांबून त्यांनी खण दाखवला, मास्तर वाकून वाकून बघत गेले, आणि कुठल्याच वेढ्याला काही बोलले नाहीत. इस्त्रीची तार काकूंनी गुंडाळून स्वतःच्या खुर्चीखाली ठेवली.

घरी गेल्यावर सिस्टरांनी मास्तरांची फाइल उघडली. ‘पट्टी सैल असण्याचे कारण’ या रकान्यात आठ आठवडे त्यांच्याच अक्षरात ‘आपोआप’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली त्यांनी लिहायला घेतलं.

“इस्त्री लिहू नकोस,” नवरा म्हणाला. आज त्याचे पाय मोकळे होते आणि तो ते हलवून बघत होता. “गैरसमज लिही. आमच्याकडे सगळं गैरसमजात बसतं.”

“कुणाचा गैरसमज ते विचारतील.”

“मग पेशंटचा लिही.”

“त्याला सांगितलं असतं तर त्याचा.”

“खरं लिहिलंस तर तुझी घरं काढून घेतील आणि ऑफिसात फोन उचलायला बसवतील.”

सिस्टरांनी दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली आणि फाइल पिशवीत टाकली.

त्यानंतर मास्तरांच्या पट्टीत एक बोटही जाईना. सोमवारी जखम बावीस घरांवर आली. पुढच्या सोमवारी वीस. सूज उतरायला लागली तशी मास्तरांना पोटरीला सुरकुत्या दिसायला लागल्या, आणि कापड जास्त झालंय, आता आतून दाबायला हवं, असं ते म्हणाले. पण हात लावला नाही. काकू आता स्कूटर वाजली की काहीच बोलत नसत. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांना जरा चुकल्यासारखं होत होतं.

बाराव्या आठवड्याला मॅडम आल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या एकदा थांबल्या आणि कुणाच्या तरी दारावरची पाटी बराच वेळ वाचत राहिल्या. वर आल्यावर त्यांना बोलता येईना, म्हणून काकूंनीच सुरुवात केली.

“बसा. पाणी घ्या. तुमच्या वयात मी हे जिने कापडाचा तागा घेऊन चढत होते.”

मॅडम पाणी प्यायल्या. मग त्यांनी हातमोजे घातले, पारदर्शक कागद जखमेवर धरला आणि स्वतः कडा गिरवली.

“जरा आतून घ्या,” मास्तर म्हणाले. “पेन बाहेर चाललंय. अशानं माप मोठं येतं.”

“आजोबा, मोजताना आपण बोलायचं नाही. बरोबर?”

“मी पण गिऱ्हाइकाला हेच सांगायचो,” मास्तर म्हणाले आणि गप्प बसले.

मॅडमनी कागद तक्त्यावर ठेवला. अर्ध्याहून जास्त भरलेलं घर पूर्ण धरायचं, कमी भरलेलं सोडायचं. त्यांनी एकदा मोजलं. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं. मग सिस्टरांना मोजायला दिलं.

सतरा.

“सतरा,” सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली, जसं काही कुणी बसची वेळ सांगितली. मग त्या उठल्या, सात पावलं गेल्या, दाराला हात लावला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“नियम सोळाचा आहे,” मॅडम म्हणाल्या. या वेळी खुंटी ठोकली नाही.

“मॅडम, फाइल वाचा,” सिस्टर म्हणाल्या. “नवव्या आठवड्याचा बुधवार.”

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. “पेशंट रोज पट्टी सोडून इस्त्री करून पुन्हा सैल बांधत होता. पट्टीवरच्या खुणांचा अर्थ त्याला मी सांगितला नव्हता.” त्यांनी वर पाहिलं. “इस्त्री म्हणजे?”

“इस्त्री म्हणजे इस्त्री.”

“ओलं फडकं ठेवून,” मास्तर म्हणाले. “कापड जळू दिलं नाही मी.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. “सिस्टर, जरा बाहेर येता?”

“इथंच बोला. काकूंना बाहेरचंही ऐकू येतं.”

“येतं,” काकू दारातून म्हणाल्या.

“ठीक आहे. नियमात असं लिहिलंय की बारा आठवडे योग्य ताणाची पट्टी बांधली गेल्यापासून धरायचे. पेशंटनं सांगूनही ऐकलं नसेल, तर ते बारा आठवड्यांतच धरतात. म्हणजे भरती. आपण सांगितलंच नसेल, तर चूक आपली, आणि मग मोजणी आपण सांगितलंत त्या दिवसापासून. बरोबर?”

“बरोबर.”

“आपण ही दुसरी ओळ खोडू शकता. मी बघितलेली नाही. पेशंटनं ऐकलं नाही, एवढंच राहिलं तर आपल्याला कुणी काही विचारणार नाही. सत्तावीस वर्षांत आपल्या नावावर एकही शेरा नाही, हे मी काल बघितलं.”

“पेशंटनं ऐकलं नाही असं कसं राहू देऊ?” सिस्टर म्हणाल्या. “ऐकायला सांगावं लागतं ना आधी.”

“शेरा येईल.”

“येऊ दे.”

“प्रशिक्षणाला जावं लागेल. ‘रुग्णाशी संवाद.’ दोन दिवस. नुकत्याच कामाला लागलेल्या मुली असतात तिथं.”

सिस्टरांनी विचार केला. “बसायला खुर्च्या असतात का?”

“असतात.”

“पाठ असलेल्या?”

“हो.”

“मग चालेल.”

मॅडमनी फाइल मांडीवर घेतली. वरचा ‘आठवडा बारावा’ खोडला आणि ‘आठवडा तिसरा’ लिहिलं, शेजारी सही केली. सहीखाली सिस्टरांची सही घेतली. तिसऱ्या आठवड्याच्या मानानं जखम फार चांगली भरतेय, असं त्या म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना स्वतःलाच बरं वाटलेलं दिसलं.

पाय अजून उघडाच होता. सिस्टर खाली बसल्या, कापूस गुंडाळला आणि ताणाची पट्टी घोट्यापासून सुरू केली. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी चार पावलं जाऊन तो ओट्यावरून उचलला.

“आई, आले का त्या? काय ठरलं?” मुलीचा आवाज खोलीभर झाला. “मी उद्या गाडी घेऊन येते. कपडे तेवढे भरून ठेव.”

“येऊ नकोस,” काकू म्हणाल्या. “तिसरा आठवडा चालू आहे.”

“तिसरा? अगं, बारावा ना?”

“नाही. तिसरा. आधीचे सगळे उसवले.”